पेटीला माज्यापाशी आना

फोटोत डबा फुलाफुलांच्या चादरीवर ठेवला होता. मी खरं तर मिक्सर शोधत होतो, सिमेंट कालवायचा, कारण विचुंब्याच्या साइटवरचा बंद पडला होता. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत मिक्सर म्हटलं की गाण्याचेही मिक्सर येतात, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची सगळी बिरादरी. त्यात हा आला. काळा, चपटा, पुढे बोटभर हिरवी काच, कडेला एक मोठं गोल बटण आणि बटणावर लाल ठिपका. ठिपका मी दोन बोटांनी मोठा करून बघितला. वहिनीच्या नेलपॉलिशचा होता.

त्याच्याखाली त्याच जातीचा दुसरा डबा होता, काच फुटलेला. जाहिरातीत लिहिलं होतं, दोन जुने साउंड मॉड्यूल, नेरे, पनवेल, वाजवणाऱ्यालाच कळेल.

मला कळत होतं. साउंड मॉड्यूल म्हणजे पट्ट्या नसलेला कीबोर्ड, नुसता आवाजांचा साठा. समोर साधा कीबोर्ड ठेवायचा, मागून एक जाड वायर लावायची. मग पट्टी दाबली की सनई, सॅक्सोफोन, घुंगरू, जे हवं ते या डब्यातून निघतं. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. आता हे सगळं लॅपटॉपात येतं. हल्लीचा वाजवणारा पाठीवर एक पिशवी घेऊन हळदीला येतो आणि तिच्यातून अख्खा ताफा काढतो. जुना डबा घेणारे दोनच प्रकारचे लोक, नाद असलेले आणि अक्कल नसलेले. मी रेती, खडी, विटा विकतो. माझं नाव यातल्या एकाही यादीत नाही.

बायको बोंबील साफ करत होती. तिला फोटो दाखवला.

"वाजवनार हायस काय?"

"नाय."

"मग?"

"मग काय. बघतोय."

"बघ," ती म्हणाली, "बघायला काय लागतं."

मी बघितलं, चहा घेतला, खडीच्या ट्रकवाल्याला फोनवर शिव्या घातल्या. मग पुन्हा बघितलं. आत काही हललं का, असं कुणी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. अलीकडे काही हलत नाही. दुकानाबाहेर रेतीचा ढीग असतो ना, वरून कितीही पाणी ओता, खालून काहीच निघत नाही, तसं.

तुळशीचं लग्न झालं की आमचा हंगाम उघडायचा. सकाळी खाडीवरून गार वारा यायचा. मिठागरांत पाणी घ्यायला लागलेलं असायचं, आणि त्या ओल्या चिखलाचा वास घरापर्यंत यायचा, कच्च्या अंड्यासारखा. बाहेरच्या माणसाला तो घाण वाटतो. आम्हाला त्या वासाने भूक लागायची, कारण त्या वासाबरोबर लग्नं यायची. बाबा मिठावर जायचे. त्यांच्या पायांच्या भेगांत मीठ बसलेलं असायचं, आणि ते झोपले की उजेडात त्या भेगा चमकायच्या. आमच्या घरात तेवढंच काय ते चमकणारं होतं. नंतर डबा आला.

लग्नांत वाजवणारी पार्टी दादूसची. दादूस म्हणजे माझा थोरला भाऊ. तो बेंजो वाजवायचा. लाकडी आडवं वाद्य, वर टाइपरायटरसारखी बटणं, आत तारा. दिवेलागणीच्या आधी तो पडवीत बसून तारा लावायचा, डोळे मिटून, तोंडात तंबाखू धरून. तंबाखू अशासाठी, की कुणी काही विचारलं तरी बोलता येऊ नये. बाकीच्या पार्ट्यांत कुणाकडे तरी सूर लावायची शिट्टी असायची. दादूसकडे काही नव्हतं. तो एक तार ओढायचा, ऐकायचा, सोडायचा. असं वाटायचं की कुठेतरी लांब कुणीतरी बोलतंय आणि हा कान देऊन ऐकतोय. मग मान हलवायचा आणि तार तिथे थांबायची.

कीबोर्ड माझ्याकडे होता. आणि डबे माझ्याकडे, कारण ते विकत आणले होते मी. मुंबईत त्या वेळी परदेशातून आलेला माल बाजारात यायचा. तिथल्या दुकानदाराशी मी सकाळपासून दुपारपर्यंत भांडलो होतो. उठून गेलो, परत आलो, पुन्हा उठून गेलो. शेवटी तो म्हणाला, "ले जा भाई, पर दुबारा मत आना." ही मला माझ्या आयुष्यात मिळालेली पहिली शाबासकी. डबे मांडीवर घेऊन एसटीने पनवेलला आलो. त्यांच्या खोक्याला जहाजाच्या पोटाचा वास होता, आणि कापराचा. दादूसने तो हुंगून बघितला आणि म्हणाला, "आतमदी कोन मेलाय काय?"

मांडवात अंधार असायचा म्हणून वहिनीने बटणावर ठिपका दिला. तिच्याकडे नेलपॉलिशची एकच बाटली होती, लग्नातली, अर्धी वाळलेली. तिने काडीने खरवडून एक थेंब काढला. त्याचा वास डब्याला कितीतरी दिवस होता. तो गेला आणि मग हळदीचा लागला. हळद सगळीकडे जायची, पट्ट्यांच्या फटींत, वायरींच्या टोकांत, आमच्या नखांत. जनरेटरचा धूर, तांदळाच्या गरम भाकऱ्या, मोठ्या पातेल्यातलं मटण, करंज्याच्या बंदरावरून आलेली सुकट तव्यावर भाजल्याचा खमंग वास, आणि गरम झालेल्या अॅम्प्लिफायरमधली धूळ. हे सगळं मिळून जे व्हायचं, त्याला नाव नाही. मी आता कुठल्याही हळदीला गेलो तरी तो वास येत नाही. जेवण बाहेरून येतं, हळद पाकिटातून येते.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती धवले गाते आणि गाता गाता विधी पुढे नेते. मांडवात उंबराची फांदी कुठे रोवायची, पाटाभोवती पीठ कुणी टाकायचं, हळद पहिली कुणी लावायची, हे तिच्या गाण्यात असतं. ती गात नाही तोवर काही होत नाही. आमची आई धवलारीण होती. आसपासच्या गावांत तिला बोलवायला माणसं नारळ घेऊन यायची.

तिच्या आवाजात गोडवा नव्हता. उन्हात वाळलेल्या दोरासारखा आवाज, सरळ आणि खरखरीत. ती चढत नसे, उतरत नसे. एक जागा धरून बसायची आणि तिथून पूर्ण मांडव चालवायची. तिने धवला सुरू केला की पार्टी थांबायची, असा रिवाज होता. वाजवणारे बिड्या ओढायला बाहेर जायचे. दादूसला ते टोचत असावं. एका दुपारी, नेऱ्याकडच्याच एका मांडवात, तो मला म्हणाला, "आयेच्या मागं नुसता एक सूर धर. बाकी काय नको."

मी धरला. आई गाता गाता थांबली. तिला थांबलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"काय वाजवतंस?"

"तुजा सूर, आये."

"माजा नाय तो."

तिचा सूर काळी चार आणि पांढरी सहा या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होता. कीबोर्डवर ती जागाच नाही. मी म्हणालो, "आये, तू थोडी वर ये ना. पांढऱ्या पट्टीवर."

आईने मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "मी का तुज्या पेटीपाशी येऊ? पेटीला माज्यापाशी आना."

अख्खा मांडव हसला. नवरदेवही हसला, कपाळावर हळदीचे ओघळ घेऊन. मी तापलो होतो, पण करतो काय. ठिपक्याचं बटण फिरवत डबा सरकवायला लागलो. डब्यात ती सोय होती. अख्ख्या आवाजाला केसाच्या रुंदीने वर किंवा खाली नेता यायचं. दादूस बेंजो मांडीवर ठेवून डोळे मिटून बसला आणि हाताने खुणा करायला लागला, उतरव, उतरव, थांब. आई तिची ओळ धरून होती. मग एका क्षणी दोन आवाजांमधली थरथर मिटली. एवढंच झालं. पंखा बंद पडल्यावर कळतं की तो इतका वेळ वाजत होता, तसं काहीतरी बंद पडलं. दादूसने डोळे न उघडता हात खाली ठेवला.

तो आवाज मी डब्यात साठवून ठेवला. डबा नाव विचारतो. इंग्रजी अक्षरं एकेक करून फिरवून लावावी लागतात. मी आये असं लावलं. मग प्रत्येक मांडवात तेच. पट्टी दाबून धरली की हात अडकतो, म्हणून दोन पट्ट्यांच्या मधे आगपेटीची काडी खोचायचो. सूर आपोआप चालू राहायचा, आई गात राहायची, आणि मी मोकळ्या हातांनी बसून तिच्याकडे बघायचो. ती माझ्याकडे बघायची नाही. तिची नजर पाटाभोवतीच्या पिठावर असायची. तिच्या कपाळावर घाम आणि हळद मिसळून एक रेघ उतरायची, ती आई मनगटाने पुसायची, ओळ न तोडता.

किती केसांनी डबा सरकवला होता, तो आकडा मी कधी पाठ केला नाही. डबा लक्षात ठेवत होता.

आई गेली त्या दिवशी मी मांडववाल्याशी खुर्च्यांच्या भाड्यावरून भांडलो. लोक बघत होते. रडलो नाही. आजवर नाही. दादूसही रडला नाही, पण त्याने महिनाभर बेंजोच्या तारा सैल करून ठेवल्या.

नंतर मी आईचा आवाज शोधला. गावातल्या लोकांकडे लग्नांच्या कॅसेटी होत्या. मी घरोघर गेलो. कुणाच्या कपाटात, कुणाच्या पोटमाळ्यावर, बुरशी लागलेल्या. लावून बघितल्या. आई दिसायची, तोंड हलवायची. पण त्या काळचे व्हिडिओवाले खालचा आवाज काढून टाकायचे आणि वर सिनेमाची गाणी चढवायचे. तीच फॅशन होती, आणि लोकांना आवडायचं. नवरी हळदीला बसलीय, शेजारी आई धवला गातेय, आणि वर कुठल्याशा हिरोइनचा आवाज. प्रत्येक कॅसेटमध्ये वेगळ्या हिरोइनचा. आईने आयुष्यभर गायलं आणि तिच्या तोंडून एकही शब्द कुठे शिल्लक नाही. शिल्लक होता तो डब्यातला सूर, तिच्या बसायच्या जागेसारखा.

आणि दादूसने डबे विकले.

का विकले ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. मी रेतीच्या कामाला बाहेर होतो. परत आलो तर पडवीत डब्यांच्या आकाराची धूळ नसलेली जागा. ऑर्केस्ट्राचा कुणी माणूस आला, त्याने एक आकडा सांगितला, दादूस म्हणाला बरं. माझ्या भावाने, मी अर्धा दिवस भांडून आणलेली वस्तू, समोरच्याने पहिल्यांदा उच्चारलेल्या आकड्याला दिली. एकदाही नाही म्हणाला नाही. धंद्यात मला पुष्कळांनी फसवलं, त्यातल्या बहुतेकांशी मी आज चहा पितो. पण हे माझ्या घशातून खाली जात नाही.

मी ओरडलो. आवाज ऐकून शेजारची कुत्री उठली. "आयेचा सूर व्हता त्यात."

दादूस तंबाखू मळत होता. "सूर डब्यात ऱ्हातो काय रं?" एवढंच म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकली. म्हणजे आता बोलायचं नाही.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. लग्नकार्यात समोर आलो की हात जोडतो, पाहुण्यांसारखे. पार्टी मोडली. मी खडी आणली, विटा आणल्या, ट्रक घेतले. नवीन पनवेलच्या पुढे जिथे जिथे भाताच्या खाचरांत इमारती उभ्या राहिल्या, तिथे माझी रेती आहे. दादूस करंज्याला लेकीकडे राहायला गेला. बेंजो बरोबर नेला की नाही, माहीत नाही.

फोटोवरच्या नंबरला फोन लावला. विकणारा होता मुकादमभाई, वयस्कर, कोकणी मुसलमान. पूर्वी साउंड भाड्याने द्यायचा. त्याच्याकडे हे डबे कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून आले होते.

अशा वेळी काय करायचं ते मला येतं. हवी ती वस्तू कधी हवी म्हणायची नाही. तिची नालस्ती करायची. मी आवाज चढवला. माझा राग खरा असतो, पण निम्मा मी स्वतः चढवलेला असतो. "मुकादमभाई, भंगार विकताय आणि भाव सोन्याचा सांगताय. आतली बॅटरी केव्हाच मेली असणार. ती मेली की मेंदू गेला. नुसतं खोकं घेऊन मी काय करू?"

"वाह शेट," मुकादम म्हणाला. "वस्तू न बघता नाडी बघितलीत."

"बघायला येतो. पण या भावाने नाही."

"या तर खरं. इन्शाल्ला खूश करून पाठवतो."

मी आठवडाभर गेलो नाही. हीसुद्धा रीतच आहे. गरजू माणूस लगेच येतो, म्हणून आपण लगेच जायचं नाही. रोज सकाळी गाडीची किल्ली हातात घ्यायचो आणि ठेवायचो.

मग गेलो. नेऱ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना फार्महाउसं झाली आहेत, निम्म्यांच्या विटा माझ्याकडच्या. ज्या मांडवात आई थांबली होती, ते घर कुठलं ते ओळखता आलं नाही. एक कंपाउंड होतं, आत हिरवळ, निळा तरणतलाव, पाणी नसलेला. प्रबळचा डोंगर तेवढा जागच्या जागी. गाडीतून उतरलो तेव्हा वाटलं होतं काहीतरी वास येईल. कुणीतरी पालापाचोळा जाळत होतं, त्याचाच आला.

मुकादमभाईचं घर छोटं, स्वच्छ. टेबलावर कीबोर्ड मांडून ठेवला होता, शेजारी डबा आणि एक छोटा स्पीकर, वायरी लावलेल्या. फुटलेल्या काचेचा दुसरा खाली फरशीवर. मी लांबूनच ठिपका बघितला. रंग उडून किरमिजी झाला होता. बटणाच्या खाचेत पिवळं काही होतं, ते मी नखाने उकरलं नाही.

"बसा शेट. चहा येतोय. करा चालू."

मी चालू केला. हिरवी काच उजळली. ठिपक्याचं बटण फिरवून आमच्या जागेवर आलो. पहिली जागा, आम्ही कायम पहिलीच वापरायचो. तिथे कसल्याशा पियानोचं नाव होतं. पुढची जागा, व्हायोलिन. पुढची, बासरी. कंपनीने दिलेली, सगळी ओळीने. मी शेवटपर्यंत गेलो आणि परत पहिलीवर आलो.

मुकादमभाई खुशीत होता. "बघितलंत? एकदम नवा. तुम्ही फोनवर म्हणालात ना बॅटरी मेलीय. मी म्हटलं, शेट बरोबर बोलतात, गिऱ्हाइकाला शिळा माल का द्यायचा. वाशीला नेऊन नवीन टाकून घेतली. कारीगर म्हणाला, चाचा, जुनी अजून जिंदा आहे, जपानी माल आहे. मी म्हटलं असू दे, बदल. शेटना नवीन पाहिजे."

"आत काही होतं?"

"होते की जुने आवाज, कुणी कुणी भरलेले. बॅटरी काढली की ते सगळं साफ होतं. बरंच झालं. लोकांचा कचरा तुम्ही कशाला घेता?"

मी हातांकडे बघत होतो. हात कीबोर्डवर होते. वाटलं, आता ओरडेन, घसा त्याच्या तयारीत होता. ओरड आली नाही. कुणावर ओरडणार? त्याने माझंच ऐकलं होतं. डबा इतकी वर्षं परक्यांच्या घरांत फिरला, आणि त्यातली ती जागा कुणी पुसली नाही. पुसली मी, फोनवरून, भाव पाडायला. आठवडाभर आधी खरं बोललो असतो, त्यात माझ्या आईचा सूर आहे, त्याला हात लावू नका, तर मुकादमने दुप्पट मागितले असते आणि सूर राहिला असता.

चहा आला. भाभींनी कप ठेवला आणि आत गेल्या. मी चहा तसाच ठेवून मुकादमकडे आगपेटी मागितली.

"शेट, घरात सिगारेट नको, बीबीला चालत नाही."

"काडी पाहिजे. नुसती."

काळी चार आणि पांढरी सहा. मी पांढरी दाबली आणि फटीत काडी खोचली. सूर चालू झाला. सनई आणि पेटी मिसळून आम्ही जो आवाज केला होता, तो हाताने जमेल तसा पुन्हा जुळवला. तो जमला. मग सरकवायला लागलो. खाली, अजून खाली. इथे असेल. नाही, वर. इथे. प्रत्येक जागा खरी वाटत होती आणि पुढच्या क्षणी खोटी. आईची ओळ मनात म्हणून बघितली. ती मनात येत होती, पण जो सूर चालू असेल त्याच्यावरच येऊन बसत होती. वर नेला तर वर यायची, खाली नेला तर खाली. आई असं कधी करत नसे.

मुकादम बराच वेळ बघत होता. "शेट, गिऱ्हाईक वस्तू अशी बघत नाही. हरवलेली म्हैस अशी बघतात."

"मुकादमभाई, जरा गप ऱ्हावा."

दादूसचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. बायकोने टाकलेला. मी तो कधी लावला नव्हता. लावला तेव्हाही हाताला काही वेगळं वाटलं नाही, ट्रकवाल्याचा लावावा तसा लावला. रिंग गेली. पलीकडे मोठा गलका होता. करंज्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालला असणार, बायका एकीवर एक बोली चढवत होत्या.

"कोन?"

"मी."

गलका तेवढा चालू राहिला. मग तो म्हणाला, "बोल."

"आयेचा सूर लावतोय. लागत नाय."

तो म्हणाला, "थांब. हितं गलका हाय." चालल्याचा आवाज आला, चपला ओल्या फरशीवर. बोली मागे पडत गेली. दार लोटल्यासारखं झालं आणि मग नुसता वारा.

"हां. धर."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर त्या छोट्या स्पीकरपाशी ठेवला आणि बटणावर बोट ठेवलं, ठिपक्यावर.

"चढा हाय," दादूस म्हणाला. "उतरव."

उतरवला.

"अजून."

अजून उतरवला.

"जास्त झाला. तसा नाय." तो थांबला. "ती वरून येत नसे. खालून यायची. पार खाली ने आनि तिथून वर आन."

मी पार खाली नेला. सूर आजाऱ्यासारखा वाटायला लागला. तिथून एकेक केस वर आणत गेलो. दादूस डोळे मिटून उभा असेल, हे मला इथून दिसत होतं. एक हात पोटाजवळ, तळवा खाली. मुकादमभाईने कप हातात धरला होता, पीत नव्हता. वर, अजून थोडा वर.

"बस," दादूस म्हणाला. "आता हात लावू नको."

मी हात काढला. खोलीत सूर चालू होता. मी ऐकत होतो. हाच तो, असं आतून काही म्हणालं नाही. रडू आलं नाही. पण मनात आईची ओळ आली आणि ती या वेळी सुरावर बसली नाही. शेजारी येऊन उभी राहिली.

साठवायचं बटण दाबलं. डब्याने नाव विचारलं. अक्षरं फिरवून लावली, तीच.

मुकादमभाईने कप ठेवला. "आता शेट," तो हळूच म्हणाला, "आता तर मी भाव कमी करू शकत नाही. तुम्हीच विचार करा."

"विचार केला," मी म्हणालो. "जाहिरातीत होता त्यातला निम्मा. आणि खालचा फुटका त्याच्यावर."

"या अल्ला."

"वायरपण."

सूर चालू होता म्हणून दोघं हळू आवाजात बोलत होतो. मी आयुष्यात इतक्या हळू आवाजात भाव केला नव्हता. तो थोडा खाली आला, मी थोडा वर गेलो. टेबलावरच्या फोनमधून आवाज आला. "देऊन टाक ना सांगतो ते. कशाला घासतंस?"

"तू मधी बोलू नको," मी म्हणालो. "तू पयल्या आकड्याला दिला व्हतास."

बोललो तेव्हा कळलं, की इतकी वर्षं हेच वाक्य तोंडात धरून होतो.

पलीकडे वारा. मग दादूस म्हणाला, "दिला. घास मग तू."

मी घासला. मधे कुठेतरी मुकादम म्हणाला, चला, झालं. फुटका डबा त्याने स्वतः पुसून चादरीत गुंडाळला, तीच फुलाफुलांची चादर. मग चांगल्याची वायर काढायला हात पुढे केला. मी त्याचा हात धरला.

"शेट, आता काय राहिलं?"

मी फोनकडे बोट दाखवलं. काच अजून उजळलेली होती. लिलाव संपला असावा, बोटींचे आवाज लांबून येत होते. दादूसने फोन ठेवला नव्हता. मी काडी काढली नाही.